मदत हवी आहे: ऑक्टेव्हच्या कोअरमध्ये जीएसएलचं फंक्शन कसं घालायचं? (अर्जंट)

अडकलेला_संशोधक
मला जीएसएलमधलं (जीएनयूची सी-मधली गणिती लायब्ररी) फर्मी-डिरॅक इंटिग्रल (ऑर्डर १/२) ऑक्टेव्हमध्ये (मॅटलॅबसारखं मोफत सॉफ्टवेअर) हवंय, सेमिकंडक्टरमधली इलेक्ट्रॉनची घनता काढायला. ऑक्टफाइल (ऑक्टेव्हला जोडायचा सी++ कोड) केली. बिल्ड व्यवस्थित होते, पण चालवली की अख्खं ऑक्टेव्हच बंद पडतं. एरर झेलणारं ट्राय-कॅच लावलं तरी तेच. म्हणजे बाहेरून जोडलेलं टिकत नाही हे उघड आहे. आता ऑक्टेव्हचा सोर्स घेऊन थेट कोअरमध्येच घालणार. कुठल्या फाइलमध्ये काय बदलायचं तेवढंच सांगा. शुक्रवारी गाइडना ग्राफ दाखवायचेत. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

पायथनप्रेमी
अजून ऑक्टेव्ह? पायथनची सायपाय लायब्ररी घ्या, सगळं तयार आहे, डोक्याला ताप नाही.

लिनक्सवाली
ऑपरेटिंग सिस्टिम? ऑक्टेव्हची आवृत्ती? बंद पडताना टर्मिनलवर काय येतं? कोड? यातलं एकही सांगितलेलं नाही.

घाटावरचा
विंडोजवर मलाही हाच त्रास होता. पाथमध्ये मिनजीडब्ल्यू कंपायलरचं बिन फोल्डर सर्वात आधी टाका, मग मशीन रीस्टार्ट. माझं लगेच चाललं.

अडकलेला_संशोधक
विंडोज नाही, उबुंटू आहे. ऑक्टेव्ह लेटेस्ट. कोड साधाच आहे, आकडा घ्यायचा, जीएसएलला द्यायचा, उत्तर परत. त्यात चुकायला काही जागाच नाही. माझा प्रश्न कोअरबद्दल आहे.

लिनक्सवाली
"लेटेस्ट" ही आवृत्ती नसते. असो, कोअरचं विचारताय तर ऐका. ऑक्टेव्हचा कोड मर्क्युरियल या व्हर्जन कंट्रोलमध्ये असतो, तिथून सोर्स घ्यायचा. लिबइंटर्पच्या आत कोअरएफसीएन फोल्डर आहे, त्यात तुमची सीसी फाइल ठेवायची. ऑक्टफाइलमध्ये डीफन-डीएलडी मॅक्रो वापरला असेल, तिथे नुसतं डीफन करायचं. त्याच फोल्डरातल्या मॉड्यूल डॉट एमके मध्ये फाइलचं नाव घालायचं. मग कॉन्फिगर डॉट एसी मध्ये जीएसएल आहे की नाही याची तपासणी, लिंक करायच्या यादीत जीएसएल आणि त्याची सीब्लास (मॅट्रिक्स-गणिताची जोड लायब्ररी). शेवटी बूटस्ट्रॅप, कॉन्फिगर, मेक. पहिल्या बिल्डला जेवून या. आणि उद्या उबुंटूने ऑक्टेव्ह अपडेट केलं की तुमची प्रत मागेच राहणार, ती आयुष्यभर तुम्हीच सांभाळायची. एका फंक्शनसाठी मी हे करणार नाही.

जुना_फोरट्रानवाला
लिनक्सवालीताई, उत्तर बरोबर आहे, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. ऑक्टेव्हच्या कोअरमध्ये बाहेरचा माल कमी नाही. बेसल फंक्शन्स एमॉस या जुन्या लायब्ररीच्या फोरट्रानमधून येतात, कॉम्प्लेक्स एररफंक्शन एमआयटीच्या स्टीव्हन जॉन्सन यांच्या फडेएवा कोडमधून, इंटिग्रेशनला क्वाडपॅक आहे, डिफरन्शियल समीकरणांना एलएसओडीई आहे. ते टिकतं ते कोअरमध्ये आहे म्हणून नव्हे. एमॉस उत्तरासोबत एरर कोड परत देतं आणि त्याचं काय करायचं ते ऑक्टेव्ह ठरवतं. जीएसएलचा डिफॉल्ट एरर हँडलर मात्र एररचा संदेश छापतो आणि अबॉर्ट करतो, म्हणजे प्रोसेस तिथेच मारतो. लायब्ररी ऑक्टेव्हच्याच प्रोसेसमध्ये असते, त्यामुळे ऑक्टेव्हही जातं. अबॉर्ट हे एक्सेप्शन नाही, म्हणून ट्राय-कॅचला ते दिसतच नाही. कोअरमध्ये घातलंत तरी अगदी असंच मरेल, फक्त आठवडा वाया जाऊन.
आता सांगा, फंक्शनला नेमका कुठला आकडा देता?

पायथनप्रेमी
सायपायमध्ये असले अबॉर्ट होत नाहीत.

लिनक्सवाली
सायपायमधल्या फर्मी-डिरॅक फंक्शनचं नाव सांगा ना मग.

पायथनप्रेमी
नाव कशाला? क्वाड हे इंटिग्रेशनचं फंक्शन लावून स्वतः इंटिग्रेट करायचं. चार ओळी.

लिनक्सवाली
क्वाड ऑक्टेव्हमध्येही आहे. ग्रिडच्या प्रत्येक बिंदूवर, पॉइसन समीकरण सोडवण्याच्या प्रत्येक फेरीत इंटिग्रल काढत बसायचं असेल तर शुक्रवार कुठला ते आधी ठरवा.

सायलॅबकर
मी म्हणेन सायलॅब, तेही असंच मोफत सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात आम्ही टेक्स्टबुक कम्पॅनियन केलं होतं, अख्ख्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये. सी फंक्शन जोडायला आयलिब-फॉर-लिंक आणि मग कॉल, बास.

जुना_फोरट्रानवाला
तिथेही जीएसएल अबॉर्टच करणार हो.

अडकलेला_संशोधक
काय आकडा म्हणजे? फर्मी पातळी वजा कंडक्शन बँडची ऊर्जा, भागिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान). सगळे तेच देतात. ३०० केल्विनला चालतं, ७७ ला पण चालतं. ४.२ ला ऑक्टेव्ह बंद पडतं. टेम्परेचरचा काय संबंध?
टर्मिनलवर "अंडरफ्लो" असं काहीतरी येतं आणि मग "कॉट सिग्नल अबॉर्टेड".

चहाबाज
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी दुसरा कप केला नसता.

जुना_फोरट्रानवाला
संबंध तोच आहे. सिलिकॉन धरू, फर्मी पातळी बँड गॅपच्या मध्याजवळ, म्हणजे कंडक्शन बँडपासून साधारण ०.५६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) खाली. ३०० केल्विनला केटी ०.०२५८५ ईव्ही, भागाकार उणे २२ च्या आसपास. ७७ ला उणे ८४. ४.२ ला केटी ०.०००३६२, म्हणजे भागाकार उणे १५०० च्याही खाली. इतक्या खाली हे इंटिग्रल ई-च्या-एक्स-घातासारखं वागतं (एक्स म्हणजे हा भागाकार) आणि डबल प्रिसिजनमध्ये उणे ७०८ नंतर नॉर्मल आकडाच उरत नाही. जीएसएल नेमकी तीच मर्यादा तपासतं, अंडरफ्लो म्हणतं आणि हँडलरला बोलावतं.
उपाय एका ओळीचा. ऑक्टफाइलमध्ये जीएसएलला हाक मारण्याआधी "जीएसएल सेट एरर हँडलर ऑफ" कॉल करा. आणि साधं फंक्शन न वापरता शेवटी अंडरस्कोर-ई असलेलं रूप घ्या, ते स्टेटस परत देतं. १५ आलं तर अंडरफ्लो, उत्तर शून्य धरा. बाकी शून्येतर काही आलं तर ऑक्टेव्हचं स्वतःचं एरर फंक्शन बोलवा, ते प्रॉम्प्टवर परत आणतं.
पुढे कुठे या उत्तराचा लॉग घेत असाल तर मात्र शून्य चालणार नाही. एक्स उणे ४० च्या खाली गेला की लॉग म्हणजे एक्सच. तिथे फंक्शनकडे जायचंच नाही.

क्षेत्रज्ञ
एवढा खटाटोप कशाला? जॉइस आणि डिक्सन यांचं १९७७ चं सूत्र आहे, लॉग अधिक काही पदं. आम्ही वर्गात तेच वापरायचो. लायब्ररीबिब्ररी काही लागत नाही.

जुना_फोरट्रानवाला
ते उलट्या दिशेचं आहे. घनता दिली की फर्मी पातळी देतं. यांना पातळीवरून घनता हवी आहे.

क्षेत्रज्ञ
उलटवून घ्यायचं. न्यूटन-रॅफसन विसरलात का?

लिनक्सवाली
अंदाजाचं सूत्र, वर न्यूटन-रॅफसन, सगळं एका ओळीचा बदल टाळण्यासाठी. छान.
तसं ऑक्टेव्ह फोर्जवर जीएसएलचं तयार पॅकेज आहे, त्यात हे फंक्शन आहेच. आधी ते का नाही बघितलं?

अडकलेला_संशोधक
लॅबच्या मशीनला नेट नाही.

लिनक्सवाली
पेन ड्राइव्ह आहे ना? पॅकेजची टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) आणायची आणि ऑक्टेव्हच्या पीकेजी इन्स्टॉल कमांडला फाइलचं नाव द्यायचं. ऑक्टफाइल बिल्ड होते म्हणजे जीएसएलची डेव्ह पॅकेजेस मशीनवर आहेतच.

घाटावरचा
पेन ड्राइव्हवरून व्हायरस येतो, आधी स्कॅन करा.

अडकलेला_संशोधक
हँडलर बंद केला. ४.२ ला बंद पडत नाही. पण आता पुस्तकातल्या तक्त्याशी आकडे जुळत नाहीत, सगळीकडे थोडे जास्त येतात. जीएसएल चुकीचं आहे का?

जुना_फोरट्रानवाला
सगळीकडे सारख्याच पटीत जास्त येत असतील, साधारण १.१२८ पट. जीएसएलच्या व्याख्येत पुढे एक भागिले गॅमा(३/२) आहे, बऱ्याच पुस्तकांत नुसतं इंटिग्रल असतं. ०.८८६२ ने गुणा, तक्ता जुळेल. पण घनतेच्या सूत्रात पुढे दोन भागिले रूट पाय लिहिलं असेल तर दोन्हीकडून गुणू नका. एकतर तिथलं काढा, नाहीतर इथलं.

अडकलेला_संशोधक
सूत्रात आहे ते. बरं, तिथलं काढतो.

सायलॅबकर
ऑक्टेव्ह हे नाव संगीतातल्या सप्तकावरून आलं का?

रसायनवाला
नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. ऑक्टेव्ह लिहिणारे जॉन ईटन त्यांचे विद्यार्थी. आम्हा केमिकलवाल्यांनी लेव्हनस्पीलच्या पुस्तकावर परीक्षा काढल्यात. पाकिटाच्या पाठीवर मावेल अशी ढोबळ आकडेमोड झटपट करण्यात त्या माणसाचा हात कोणी धरला नसता.

चहाबाज
माझ्या मुलीला कॉलेजात मॅटलॅब शिकवतात. लायसन्स महाग आहे म्हणे. घरी ऑक्टेव्ह टाकून दिलं तर चालेल का?

लिनक्सवाली
बेसिक असाइनमेंटला चालेल, सिम्युलिंक लागत असेल तर नाही. कुठलं ब्रँच, कुठले टूलबॉक्स ते लिहून वेगळा धागा काढा.