सात ते साडेदहा टीव्ही चालूच, कमी कसा करायचा?

मेथीची_जुडी: घरात मी, नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. सात वाजता टीव्ही लागतो तो साडेदहालाच बंद होतो. गंमत म्हणजे धड बघत कुणीच नसतं, सासूबाई भाजी निवडतात, नवरा मोबाईलमध्ये, मी कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि पोरगं वही मांडीवर घेऊन मान तिरकी करून बसतं. परवा पाढे म्हणता म्हणता मधेच थांबून आजीला म्हणाला, ब्रेक संपला बघ. आवाज बंद होता हो, याला ब्रेक किती वेळाचा ते पाठ झालंय! केबल काढूया म्हटलं तर सासूबाईंचा चेहराच पडला, मग मलाच कसंतरी झालं. काय करू?

येरळाकाठ: माझं आजोळ कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या मोहित्यांचे वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, परत साडेआठला वाजला की चालू. लॉकडाऊनमधल्या ऑनलाईन शाळेने पोरांच्या हातात मोबाईल आले ते सुटेनात म्हणून गावाने बसून ठरवलं. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघरी फिरले तेव्हा कुठे जमलं. मुद्दा काय, तिथे सगळ्यांचंच बंद होतं. तुमच्याकडे पोराचं बंद आणि बाबांचा मोबाईल चालू असेल तर विसरा.

निवांत_दुपार: नवरोबांचं बरोबर पकडलंत 😄 केबल काढू नका ताई. २०१९ पासून चॅनल एकेक निवडून घेता येतं, आम्ही मोठं पॅक बंद करून मोजकेच ठेवले, बिलही उतरलं. आणि मालिका दुसऱ्या दिवशी रिपीट लागतात की, मुलगा शाळेत असताना बघू देत आजींना. तसंही तासाला १२ मिनिटं जाहिराती दाखवायची मुभा आहे, म्हणजे साडेतीन तासांत ४२ मिनिटं नुसते साबण आणि मसाले!

खिडकीजवळ: थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझी आई दिवसभर एकटी असते, ती टीव्ही बघत नाही, लावून ठेवते, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. मी एकदा रागाने रिमोट लपवला तर दोन दिवस नीट बोलली नाही, अजून लाज वाटते त्याची. आधी सासूबाईंना विचारा तरी त्यांना नक्की कुठली मालिका हवीय.

मेथीची_जुडी: @खिडकीजवळ विचारलं! म्हणाल्या दोनच बघते गं, बाकीच्या आपल्या लागलेल्या असतात. इतकी वर्षं मला वाटायचं सगळ्या त्यांच्याचसाठी चालू असतात आणि त्यांना वाटायचं आम्हाला हव्यात. मग काल साडेसात ते साडेआठ बंद ठेवला, नवऱ्याचा मोबाईल चार्जिंगला लावला तोसुद्धा आतल्या खोलीत. पहिली दहा मिनिटं सगळे नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग सासूबाई म्हणाल्या, अगं हा फ्रिज केवढा घरघरतोय, कधीपासून? कुणालाच माहीत नव्हतं. उद्या मेकॅनिक येतोय.