बी विंगमधली बाळंतीण

शनिवार

बी-४०१ काका: रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर कसलं युद्ध चाललं होतं? आधी भांडं पडलं, मग मांजराचं केकाटणं. आम्ही बीपीची गोळी घेऊन कसेबसे झोपतो. ही सोसायटी आहे की पांजरापोळ?

बी-३०२ ताई: काका, माफ करा, आमच्याकडेच. मीटररूममधली मांजर आणि तिची चार पिल्लं बुधवारी वर आणली ना? पत्र्याखाली भट्टी झाली होती हो, बाहेर ४२. तिला मागच्या खोलीत ठेवलंय. रात्री पाणी ठेवायला गेले, दार नीट लागलं नाही आणि आमचा बोका शेंगा मागोमाग आत. खोक्यापर्यंत पोचलाही नाही, ती थेट अंगावर आली त्याच्या. नाकावर ओरखडा. आता दिवाणाखालून निघत नाहीये. काढायला गेले तर माझ्याच पोटरीला पंजा मारला. सहा वर्षांत पहिल्यांदा!

ए-२०३: आमच्यापर्यंत आवाज आलता की. मला वाटलं कोण भांडलालंय काय की.

ए-१०४ आजी: मांजर पिल्लांना सात घरं दाखवते. कितीही मऊ अंथरा, उचलून नेणारच. वाटीभर गाईचं दूध ठेव गं, बाळंतीण आहे ती.

सी-२०१ वहिनी: ताई, शेंगाला अजिबात रागावू नका. ज्या मांजरीवर चिडला ती दाराआड गेली आणि समोर तुमची पोटरी आली, एवढंच. ओढून काढू नका. खाणं, पाणी, शी-शूचं लिटर जवळ सरकवा, पडदे ओढा आणि आजचा दिवस त्याला एकटं सोडा. मात्र उद्या सकाळपर्यंत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्याच. मांजराचा उपास आपल्या एकादशीसारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की लिव्हरवर येतं, आणि शेंगा काही सडपातळ नाही.

सी-२०१ वहिनी: ओरखड्याला बाम, हळद काही नको. आणि माणसांची तापाची गोळी तर चुकूनही नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

बी-३०२ ताई: शेंगाचं रेबीजचं इंजेक्शन झालंय, म्हणून मी नुसती पोटरी धुतली.

सी-२०१ वहिनी: तरी साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. आणि उद्या त्या नव्या मांजरीनं कुणाला ओरबाडलं किंवा चावलं, तर धुऊन सरळ दवाखाना. तिच्या लशीचं आपल्याला काय माहीत?

सेक्रेटरी: मीटररूम आज फिनेल टाकून धुवून घेतो. उद्या पाण्याची पाळी आहे, टाक्या भरून ठेवाव्यात.

सी-२०१ वहिनी: साहेब, फिनेल नको. मांजर पाय चाटतं, ते पोटात जातं. ब्लीचचं पातळ पाणी फिरवून मग साध्या पाण्यानं धुवा. पॅनल्युकोपेनिया म्हणजे मांजरांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू जागेवर वर्षभरही टिकू शकतो, तो ब्लीचनं मरतो.

ए-१०४ आजी: दुधाचं राहिलं.

सी-२०१ वहिनी: आजी, बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा पिल्लांसाठी मिळतं ते खाणं भिजवून आईलाच भरपूर द्यायचं. आणि सात घरं ती हौसेनं दाखवत नाही. जागा धोक्याची वाटली की हलवते. रात्रीच्या प्रकारानंतर आज ती त्याच विचारात असणार. ताई, खिडकी लावून घ्या.

ए-१०४ आजी: आमच्या वाड्यातली मांजरं दुधावरच वाढली.

सी-२०१ वहिनी: वाड्यात उंदीरही होते आजी.

बी-३०२ ताई: मला वाटलं होतं शेंगा गरीब आहे, दोन दिवसांत सवय होईल. पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची, परवापासून डुगडुगत चालायला लागलीत.

सी-२०१ वहिनी: शेंगा गरीबच आहे हो. पण पिल्लं अंगावर पितायत तोवर तिला कुठलाही बोका शत्रूच. बोके पिल्लं मारतातही कधीकधी, हा नसबंदी झालेला आहे हे तिला कोण सांगणार? दोन आठवडे दोघांचं काहीच सामाईक नको, वाटीसुद्धा नाही. तोवर तिला डॉक्टरांना दाखवून घ्या. मग चाटी गल्लीच्या कापडबाजारातून दोन छोटे टॉवेल आणा. एक तिच्या गालावरून फिरवून शेंगाच्या वाटीखाली, दुसरा शेंगाच्या गालावरून तिच्याकडे. तोंड बघायच्या आधी वास ओळखीचा झाला पाहिजे. आणि गोळे होणारं लिटर पिल्लांना नको, चघळतात. पेपरच्या पट्ट्या चालतील.

बी-४०१ काका: म्हणजे अजून दोन आठवडे हे चालणार.

तीन आठवड्यांनंतर, रविवार

बी-३०२ ताई: वहिनी, शेंगा पहिल्या दिवशी टॉवेलवरच फिसकारला! वाटी ओढून टॉवेलवरून खाली घेतली आणि मग खाल्लं. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं खाल्लं. मग तुम्ही म्हणालात तसं बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. चार हातांवरून रोज थोडं थोडं सरकवत आता दारापासून वीतभर. काल पिल्लानं दाराखालून पंजा काढला. शेंगा बघत बसला, मग मागे सरकून पाय चाटायला लागला.

ए-२०३: म्हंजे बघितलंच नाही असं दाखवलालाय. लई शहाणा आहे ओ तुमचा शेंगा.

सी-२०१ वहिनी: आता जाळी लागेल. दिसावं, पण हात पोचू नये.

बी-४०१ काका: गच्चीवर आमचं जुनं डासांच्या जाळीचं दार पडलंय. घेऊन जा. वापरून झालं की जसंच्या तसं परत पाहिजे.

बी-३०२ ताई: काका!! थँक यू.

बी-४०१ काका: जसंच्या तसं.

सोमवार

बी-३०२ ताई: पहिला दिवस, पाच मिनिटं. तिचे कान मागे, खोल गुरगुर. याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी. दोघं फिसकारले, पण दोघांनीही वाटी संपवली. दार लावून टाकलं.

सी-२०१ वहिनी: खाल्लं ना? मग झकास. फिसकारणं म्हणजे भांडण नव्हे, "तिथंच थांब" एवढंच. ही पाच मिनिटं रोज थोडी थोडी वाढवा. आणि तिला घराबाहेर सोडू नका. पिल्लं पीत असतानाही गाभण राहू शकते, मग नऊ आठवड्यांत पुढची खेप.

सेक्रेटरी: पुढची खेप नको. नसबंदीच्या खर्चाची वर्गणी काढू या, पण ऐच्छिक. मेंटेनन्समधून नाही.

सी-२०१ वहिनी: पिल्लं सुटी झाली, तिचं दूध आटलं की करू. मी डॉक्टरांशी बोलते. पिल्लांची पहिली लसही तेव्हाच उरकू.

दोन आठवड्यांनंतर, गुरुवार

बी-३०२ ताई: आज एक तांबूस पिल्लू जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि सरळ शेंगाच्या वाटीत तोंड. माझा जीव मुठीत. शेंगानं वास घेतला, डोक्यावर एक टपली दिली, नखं आतच. मग फ्रिजवर चढून बसला. आणि ती आतून सगळं बघत होती, पण गुरगुरली नाही. पिल्लानं त्याची वाटी चाटूनपुसून साफ केली.

ए-१०४ आजी: फोटो टाक.

बी-४०१ काका: कोपऱ्यातून बाहेर आलं म्हणजे जाळी फाटली.