मदत हवी आहे: रिव्हॉल्व्हर कव्हरमध्ये घालताना शर्ट अडकतो

अडतवाला: सोलापूर. मार्केट यार्डात कांद्याची अडत आहे, रोकड असते. परवाना आहे, त्यावर प्रवचन नको. परत कव्हरमध्ये घालताना दरवेळी शर्टाचं टोक मधे येतं, काढताना कव्हरच वर येतं. कोणतं कव्हर घेऊ? लवकर सांगा, परवा वसुलीला विजापूरला जायचंय.

जुनी_वर्दी: रिव्हॉल्व्हर कुठलं? कव्हर कातडी की प्लास्टिकचं? पँटच्या आत की बाहेर? पोटापुढे की बाजूला?

अडतवाला: कानपूरचं .३२. कव्हर वडिलांचं, कातडी. आत, उजवीकडे. याने काय फरक पडतो?

जुनी_वर्दी: लई पडतो मालक. जुनं कातडं मऊ झालं की तोंड मिटतं आणि तीच घडी ट्रिगरवर दाबते. शर्टाचं टोकही तेच करतं. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकणारं, रिकामं असताना तोंड उघडं राहणारं ताठ कव्हर घ्या. जोडीला जाड पट्टा, मऊ पट्ट्यावर कव्हर वर येणारच. काढताना आधी डाव्या हाताने शर्ट पूर्ण वर, मग मूठ घट्ट, सरळ वर ओढायचं, बोट ट्रिगरबाहेर. घालताना तर घाई कसलीच नसते. शर्ट वर धरून, खाली बघत, बोट फ्रेमवर सरळ, अंगठा हॅमरवर, म्हणजे मागच्या ठोकणाऱ्या भागावर. ट्रिगर कशाने दाबला गेला तर हॅमर उठतो, अंगठ्याला लगेच कळतं. अडलं तर दाबू नका, बाहेर काढून बघा.

बाराबोअर: एवढी कसरत कशाला? मी हातातल्या बॅगेत टाकतो. झंझट नाही.

जुनी_वर्दी: किल्ल्या, पेन, चार्जरसोबत? ट्रिगरमध्ये किल्ली गेली म्हणजे? आणि बॅग टपरीवर विसरली तर?

बाराबोअर: माझी आजवर राहिली नाही. तुमचे पट्टे तुम्हाला लखलाभ.

कलम_बहाद्दर: शस्त्र नियम २०१६ वाचा. सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अडतवाला: लग्न कुठून आलं मधेच?

हिप्परगा: अडतवाले, लाल कांदा काय भावाने चाललाय सध्या?

चपटा_घोडा: त्यापेक्षा अशनी पिस्तूल घ्या. चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही.

अडतवाला: मी हत्यार बदलायचं विचारलं का? वर्दीसाहेब, नवीन कव्हर आणलं तर सवय कशी करू?

जुनी_वर्दी: रिव्हॉल्व्हर उघडा, सिलिंडरमधली गोळ्यांची सगळी घरं डोळ्याने आणि बोटाने तपासा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग नेहमी घालता तोच शर्ट घालून, सावकाश. हात आपोआप तिथे जाईपर्यंत भरलेलं लावून बाहेर पडू नका. म्हणजे परवा नकोच.

कलम_बहाद्दर: परवाचं निघालंच आहे तर, परवान्यावर क्षेत्र कोणतं लिहिलंय?

अडतवाला: महाराष्ट्र. का?

कलम_बहाद्दर: टाकळीचा पूल ओलांडला की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. तिथे तुमचा परवाना चालत नाही.

अडतवाला: विजापूर आपलंच की ओ.

कलम_बहाद्दर: नाक्यावर सांगून बघा.