मदत हवी आहे : कन्सोल वीस मिनिटांत बंद पडतो. दुरुस्त करून घेऊ की एक्स्चेंजला देऊ?

नमस्कार मंडळी,

घरातला गेम कन्सोल गेले दोन महिने त्रास देतोय आणि आता काहीतरी ठरवायलाच हवं. आधीच्या पिढीतला आहे, डिस्क घालून खेळायचा. आत साधी २.५ इंची हार्ड डिस्क. सात वर्षं झाली, वॉरंटी केव्हाच संपली.

होतं असं, की चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळं ठीक असतं. मोठा गेम लावला की पंखा चढायला लागतो, इतका की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. वीसेक मिनिटांनी 'फार गरम झाला आहे' असा संदेश येतो आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होतो.

दुसरा त्रास चित्राचा. खेळता खेळता स्क्रीन काळी होते, आवाजही जातो, दोन-तीन सेकंदांनी दोन्ही परत येतात. मागची एचडीएमआय केबल किंचित उचलून धरली की चित्र टिकतं, म्हणून केबलखाली पुठ्ठ्याची घडी सारून ठेवली आहे. काल ती घडी सरकली आणि मग चित्र आलंच नाही. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, टीव्हीवर मात्र 'सिग्नल नाही'. खूप खटपट केल्यावर रात्री एकदाचं आलं.

एका दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने झाकण न उघडताच सांगितलं, बोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका, एक्स्चेंजला द्या, नव्यावर सूट देतो. दुसरीकडे दाखवला तर म्हणाले, बोर्ड गरम करून देतो, होईल चालू. किती दिवस टिकेल विचारलं तर त्यावर काही बोलेनात.

पण माझा पाय अडतोय तो वेगळ्याच कारणाने. माझे वडील आणि माझी लेक, दोघांनी मिळून इमारती बांधायच्या एका गेममध्ये तीन वर्षं खपून एक गाव उभं केलंय. नदी, तिच्यावर दगडी पूल, टेकडीवर शाळा. आबांनी त्यात त्यांचं लहानपणचं घर आठवून आठवून बांधलं. जिना उजवीकडे होता की डावीकडे, हे नक्की आठवेना म्हणून दोनदा पाडून पुन्हा बांधला. आता आबांची नजर अधू झालीय. कंट्रोलर लेकीच्या हातात असतो, ते शेजारी बसून सांगतात, "पुलाच्या अलीकडे वळ, तिथे एक कंदील कमी आहे." हे गाव त्या हार्ड डिस्कवर आहे, आबांच्या प्रोफाइलमध्ये.

तर मला विचारायचंय ते हे. हे दोन्ही त्रास एकाच बिघाडाचे आहेत की वेगवेगळे? खरंच बोर्ड गेला असेल का? आणि एक्स्चेंजला दिला तर हार्ड डिस्क काढून घेऊन नव्यात बसवता येते का? घरात गेमच्या वीस-बावीस डिस्कही आहेत, त्यांचं काय होईल तेही सांगा.

प्रतिसाद १

सात वर्षं झालेल्या यंत्रात पैसे घालू नयेत असं माझं मत. एक दुरुस्त केलं की दुसरं निघतं. माझ्या कन्सोलचं असंच झालं, आधी पंखा, मग डिस्क ड्राइव्ह, मग पॉवर सप्लाय. तीन दुरुस्त्यांनंतर शेवटी नवा घेतलाच. चालू स्थितीत आहे तोवर एक्स्चेंजला द्या, पूर्ण बंद पडला की सुट्या भागांचाच भाव येईल.

प्रतिसाद २

ताई, घाई करू नका. मी बरीच वर्षं बोर्डांवर काम करतोय आणि तुम्ही जे लिहिलंय ते दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्ही दुरुस्त होण्यासारखे.

गरम होऊन बंद पडणं हे बहुतेक वेळा धूळ आणि वाळलेली पेस्ट यांमुळे होतं. मुख्य चिप आणि तिच्यावरची धातूची हीट सिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. काही वर्षांत ती सुकून खडूसारखी होते, मग चिपची उष्णता वर पोचतच नाही. पंखा जीव तोडून फिरतो आणि शेवटी कन्सोल स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे तो बंद होतोय ही यंत्रणा नीट चालत असल्याचीच खूण आहे. बोर्ड गेलेला कन्सोल वीस मिनिटं मोठा गेम चालवून दाखवत नाही.

चित्राचं बघायचं तर एचडीएमआयच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, म्हणून तुमच्याकडे दोन्ही एकदम जातायत. केबल उचलल्यावर चित्र येतं म्हणजे संशय कन्सोलच्या मागच्या पोर्टवर. त्यात १९ बारीक पिना असतात. केबल तिरकी ओढली गेली की एखादी वाकते किंवा बोर्डावरचा तिचा सांधा सुटतो. आधी केबल बदलून बघा, टीव्हीचं दुसरं पोर्ट लावून बघा. तरीही कन्सोलच्या बाजूला हलवल्यावरच चित्र जात असेल, तर पोर्ट बदलायचं.

अजून एक युक्ती सांगतो. फोनवर किंवा संगणकावर रिमोट प्ले चालू करून ठेवा. ते चित्र एचडीएमआयमधून येत नाही, नेटवर्कवरून येतं. टीव्ही काळा असताना फोनवर गेम दिसला, तर चिप, मेमरी, हार्ड डिस्क सगळं जिवंत आहे आणि बिघाड फक्त बाहेर पडायच्या वाटेवर आहे. पुढे कोणी 'बोर्ड गेला' म्हणालं तर त्याला हे दाखवता येईल.

आणि 'बोर्ड गरम करून देतो' म्हणणाऱ्याकडे कृपा करून देऊ नका. एक्सबॉक्स ३६० वर बिघाड दाखवणारे तीन लाल दिवे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रकार माहीत आहे. चिपखालचे सांधे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडकायचे, लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवायचे, काही दिवस चालायचा आणि पुन्हा तेच. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या जुलैमध्ये त्या बिघाडापुरती वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तापवणं हा उपाय असता तर एवढं करावं लागलं नसतं. तुमच्या कन्सोलला तर त्या जातीचा बिघाडच दिसत नाही, उगाच तापवून चांगले सांधे बिघडतील.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी गाव बाहेर काढा. आजच.

हार्ड डिस्क काढून नव्या कन्सोलमध्ये लावायचा विचार सोडून द्या. प्लेस्टेशन ४ सारख्या कन्सोलमध्ये डिस्कवरचा मजकूर त्या एका कन्सोलच्या चावीने कुलूपबंद केलेला असतो. दुसऱ्यात लावली तर तो फॉरमॅट करायलाच सांगतो. म्हणजे डिस्क धडधाकट असूनही बोर्ड गेला की आतलं वाचता येत नाही. म्हणूनच दुरुस्तीला देण्याआधी सेव्ह डेटा पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या.

माझा प्रश्न असा, की आबांचं प्रोफाइल ऑनलाइन खात्याला जोडलेलं आहे का? नुसतं कन्सोलवर तयार केलेलं असेल तर पेनड्राइव्हवर घेऊनही उपयोग नाही, कारण सेव्ह खात्याच्या नावावर असतं आणि असं स्थानिक प्रोफाइल दुसऱ्या कन्सोलला ओळखता येत नाही. आधी खातं काढा, आबांच्याच प्रोफाइलमध्ये ते जोडा, आणि मगच कॉपी करा. नवं प्रोफाइल उघडून त्यात खातं जोडू नका, गाव जुन्यातच राहील.

धागाकर्ती

पोटात गोळा आला वाचून. आबांचं प्रोफाइल खात्याला जोडलेलं नाही. त्यांना ईमेलच नव्हता, म्हणून तेव्हा नुसतं नाव टाकून करून दिलं होतं. रात्री बसते यावर.

प्रतिसाद ४

पैशांचा हिशेब मांडताना एक चूक सगळेच करतात. दुरुस्तीचा खर्च एक्स्चेंजच्या रकमेशी ताडून बघतात. खरं म्हणजे दोन भाव विचारायचे: बिघडलेल्या अवस्थेत किती देणार आणि चालू असता तर किती दिले असते. दुरुस्ती त्या दोन भावांतल्या फरकापेक्षा स्वस्त पडत असेल, तर पुढे विकायचा असला तरी आधी दुरुस्तच करून घ्यावा. आणि ठेवायचाच असेल तर तसाच जुना, चालू कन्सोल घ्यायला किती पडतील, त्याच्याशी तुलना करा. एक्स्चेंजमध्ये रोख मिळते की त्याच दुकानातली सूट, तेही विचारा. सूट असेल तर नवा घेतल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही.

डिस्कांबद्दल: प्लेस्टेशन ५ वर ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, एक्सबॉक्स सिरीज एक्सवर एक्सबॉक्स वनच्या बहुतेक डिस्का चालतात. पण सिरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही आणि प्लेस्टेशन ५ चेही बिनड्राइव्हचे मॉडेल आहेत. एक्स्चेंजमध्ये नेमकं तेच मॉडेल गळ्यात मारलं जातं. मग तुमच्या वीस-बावीस डिस्का नुसत्या कपाटात राहतील. ती किंमतही हिशेबात धरा.

आणि द्यायचं ठरलंच, तर आधी आत अडकलेली गेमची डिस्क बाहेर काढून घ्या, खातं त्या कन्सोलवरून काढा आणि मग पूर्ण फॅक्टरी रीसेट मारा. चित्र पूर्ण गेल्यावर हे करणं अवघड होतं.

धागाकर्ती (दोन दिवसांनी)

सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

आधी आबांसाठी ईमेल उघडला, मग ऑनलाइन खातं. कंट्रोलर हातात घेऊन त्यांच्या प्रोफाइलमध्ये लॉगिन करताना माझे हात कापत होते. लेक पुठ्ठ्याच्या घडीवर बोट दाबून बसली होती, चित्र जाऊ नये म्हणून. लॉगिन झालं, गेम उघडला, गाव जागेवर. मग सेव्ह डेटा पेनड्राइव्हवर घेतला. तो खरंच उतरलाय का याची खात्री होईना, म्हणून ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे तसाच कन्सोल आहे तिथे गेम घेऊन गेले. आबांच्या खात्याने लॉगिन करून सेव्ह आत घेतलं. पूल, शाळा, जिना, सगळं आलं. तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर तपासण्या. केबल बदलली, टीव्हीचं पोर्ट बदललं, फरक नाही. कन्सोलच्या बाजूला हलवलं की जातं, टीव्हीच्या बाजूला कितीही हलवा, चित्र जात नाही. रिमोट प्ले लावून मुद्दाम घडी काढली. टीव्ही काळा झाला आणि फोनवर गेम चालूच होता. दुकानातल्या त्या मुलाचं 'बोर्ड गेला' तिथेच निकालात निघालं.

मागच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर आत राखाडी धुळीचा नमद्यासारखा थर होता. ब्लोअर मारू का? की उघडणाऱ्याकडेच देऊ?

प्रतिसाद २

छान काम केलंत. आता निम्मी काळजी संपली.

धूळ उडवायची असेल तर फवाऱ्याच्या डब्यातली दाबाची हवा थोडी थोडी मारा आणि पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. हवेच्या जोराने पंखा भरमसाठ फिरला तर बेअरिंग जातं. पण पेस्ट बदलायला उघडायचा आहेच, तर तेव्हाच साफ होऊ द्या. (वाचणाऱ्या इतरांसाठी: प्लेस्टेशन ५ घरी उघडू नका. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, तो वीजवाहक असतो आणि बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो.)

दुरुस्तीवाल्याला तीन गोष्टी विचारा. पोर्ट काढायला बोर्ड खालून तापवणारा प्रीहीटर आहे का? हे बोर्ड अनेक थरांचे असतात, आतलं तांबं उष्णता शोषून घेतं. नुसत्या हॉट एअरने घाई केली की पोर्टबरोबर खालचे पॅडही (पिना जिथे जोडलेल्या असतात ते तांब्याचे ठिपके) उचकटून येतात आणि मग साधं काम अवघड होतं. पोर्ट लावायच्या आधी मल्टिमीटरने प्रत्येक पिनेची रेषा तपासणार का? कारण पोर्टामागची चित्राची चिप गेली असेल तर नुसतं पोर्ट बदलून भागत नाही. आणि तिसरं, काढलेलं पोर्ट परत देणार का? नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी वैतागत नाही.

प्रतिसाद १

माझं मत बदलतोय. डेटा सुरक्षित आहे आणि बिघाड नक्की कळलाय, तर दुरुस्तीच करा. माझ्याकडे तेव्हा कोणी नीट तपासलंच नव्हतं.

धागाकर्ती (शेवटची भर)

एक्स्चेंज रद्द. प्रतिसाद ४ प्रमाणे दोन्ही भाव विचारले. त्यांतल्या फरकाच्या निम्म्याहून कमीत दुरुस्ती झाली.

तिसरा दुरुस्तीवाला मिळाला, त्याने समोर उघडून दाखवलं. भिंगाखाली पोर्टाच्या दोन पिना बोर्डापासून सुटून वर आलेल्या स्पष्ट दिसत होत्या, हात लावला की डुगडुगत होत्या. रेषा मोजल्या, चिप ठीक निघाली. पोर्ट बदललं, जुनी पेस्ट खरवडली तर तिचे कोरडे पोपडे पडले. तीन महिन्यांची लेखी हमी दिली आणि जुनं पोर्ट पुडीत बांधून दिलं.

काल सलग अडीच तास चालवला. पंख्याचा आवाज शेजारी बसल्यावरही जेमतेम येतो. केबल आता भिंतीला क्लिप लावून सैल सोडली आहे, पोर्टावर ताण नको म्हणून. पेनड्राइव्हवर दर रविवारी कॉपी घ्यायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय.

आबांना ऐकायला नीट येतं, त्यामुळे पंखा ओरडत नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग म्हणाले, "आता तो पुलाजवळचा कंदील लावून टाका."