डॅन्यूब क्रूझवर मेल्क ते ड्युर्नस्टाइन सायकलने जमेल का?

जुळेसोलापूरची_माई

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात मी आणि मिस्टर पासाऊ ते बुडापेस्ट क्रूझला चाललोय. ऑस्ट्रियात एका दिवशी जहाज सकाळी मेल्कला लागतं, तिथून पुढं ड्युर्नस्टाइनला. मधलं साधारण ३० किलोमीटर जहाजावरच्या सायकली घेऊन आपलं आपण जाता येतं म्हणे. मी रोज पहाटे संभाजी तलावाकडं सायकल मारते, पण तेवढंच. मिस्टरांचा गुडघा कुरकुरतो. रस्त्यावर ट्रक असतात का? मेल्कचा मठही बघायचाय. आणि आम्ही शाकाहारी.

होटगीरोडचा_पेडल

माई, बिनधास्त जा. हा डॅन्यूब सायकलमार्गाचाच तुकडा आहे. बहुतेक ठिकाणी वाट वेगळी, काही ठिकाणी गावातल्या बारक्या रस्त्यांवरून. ट्रकची भीती काढून टाका. नदी वाहते त्याच दिशेने चाललाय, त्यामुळं मोठा चढ नाही, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. आपल्याकडं अक्कलकोट रोडला समोरून वारा खात जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

मेल्क उजव्या काठावर आहे, ड्युर्नस्टाइन डाव्या. कुठंतरी नदी ओलांडावीच लागते. मेल्कलाच पूल आहे, पण मी सांगेन उजव्या काठानंच निघा. तिकडं शांतता असते, डोक्यावर आगश्टाइनचा पडका किल्ला दिसतो. मग आर्न्सडॉर्फला नावेत सायकलसकट चढून श्पिट्झला उतरा. या नावेला इंजिनच नाही! नदीवर आडवा तारदोर ताणलेला असतो आणि प्रवाहाच्याच जोरावर ती पलीकडं जाते. मी तर गंमत म्हणून परत अलीकडं आलो. सुटे युरो जवळ ठेवा आणि नाव चालू आहे का ते जहाजावरच विचारून निघा.

श्पिट्झपासून पुढं द्राक्षंच द्राक्षं. आपल्याकडं मांडव असतात, तिथं डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात. सप्टेंबरात तोडणी सुरू असते. वाटेवरचे घड तोडू नका, कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं ते, तुम्हाला काय सांगायचं.

सायकल ताब्यात घेताना एक बघा: तिकडं बऱ्याच सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. धक्क्यावरच दोन चकरा मारून सवय करा. आणि उजवीकडून चालवायचं.

खायचं म्हणाल तर जर्दाळू भरलेले गोडाचे गोळे मिळतात, मारिलेनक्नॉडेल. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. नाहीतर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत टाकाच की, युरोपात तिला तोड नाही.

साखरपेठेतला_मास्तर

पेडलशेठ, मठाचं राहिलं तुमचं. आत्ताची पिवळी इमारत १७०२ ते १७३६ मध्ये बांधली, पण बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू तिथं १०८९ पासून आहेत. ग्रंथालय घाईत बघायची गोष्ट नव्हे. मठ, ३० किलोमीटर आणि ड्युर्नस्टाइनचा किल्ला, तिन्ही एका दिवसात कोंबू नका.

माझं मत किल्ल्याच्या बाजूनं. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ११९२ च्या डिसेंबरात पकडला गेला आणि त्याला इथंच कोंडलं होतं. त्या युद्धात जिंकलेल्या आक्रा शहराच्या तटावरून रिचर्डच्या माणसांनी आपला झेंडा खाली टाकल्याचा ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डला राग होता. पुढं भलीमोठी खंडणी वसूल झाली आणि लिओपोल्डच्या वाट्याच्या चांदीतून व्हिएनर नॉयश्टाट हे शहर उभं राहिलं! किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्यानं उडवला, आता नुसत्या भिंती. गावापासून अर्ध्या तासाची चढण आहे. पायात चांगले बूट हवेत, सपाता चालणार नाहीत. गावातली मुख्य गल्ली अरुंद आणि माणसांनी गच्च, तिथं सायकल हातात धरूनच चाला.

जुळेसोलापूरची_माई

मास्तर, पेडलदादा, आभारी आहे. ठरलं: मठ बाहेरून बघते आणि निघते. मिस्टर म्हणतात, तू जा, मी डेकवर खुर्ची टाकून हीच दरी बघतो. पण मी वाटेत पंक्चर झाले तर?

होटगीरोडचा_पेडल

जहाजाचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या आणि सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर पोचायचं धरा. सायकल बंदच पडली तर डाव्या काठावरच्या गावांतून ड्युर्नस्टाइनपुढच्या क्रेम्स गावाकडं बस जाते. आणि मिस्टरांना डेकवरून हात करायला सांगा, काठावरून दिसतं बघा.