सर्टिफिकेट सर्व्हरवर ८० नंबरचा पोर्ट: बंद करायचा की ठेवायचा?

वडाळा_स्लो: बीकेसीतल्या एका ऑफिसात आमचं अंतर्गत सीए, म्हणजे सर्टिफिकेट देणारी यंत्रणा, आहे, विंडोजवरचं. ऑडिटवाल्यांचं फर्मान आलंय: ८० (साधं एचटीटीपी) बंद, सगळं ४४३ (एन्क्रिप्टेड एचटीटीपीएस) वरून. मला हे पटत नाही. सीआरएल, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी, ८० वरूनच द्यावी. यादीवर सीएची सही असते. वाटेत कुणी खाडाखोड केली तर सही जुळणार नाही. तीच एचटीटीपीएसवर टाकली, तर यादी आणायला आधी त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासा, आणि ते तपासायला पुन्हा यादी आणा. बसा फिरत! सर्टिफिकेटांचं मानक, आरएफसी ५२८०, सुद्धा या चक्राबद्दल सावध करतं.

पॅकेट_पाटील: अर्धंच बरोबर. यादी सीएच्याच मशिनवरून देताय ना? मग ८० उघडा म्हणजे आयआयएस, विंडोजचा वेब सर्व्हर, उघडं, आणि वेब एनरोलमेंट, म्हणजे ब्राउझरवरून सर्टिफिकेट मागायचं पान, चालू असेल तर तेही. २०२१ चा पेटिटपोटॅम हल्ला विसरलात? डोमेन कंट्रोलरला, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरला, ऑथेंटिकेशन करायला भाग पाडायचं, ते एनटीएलएम (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) या पानाकडे वळवायचं, आणि कंट्रोलरच्या नावाचं सर्टिफिकेट घेऊन मोकळं व्हायचं. ऑडिटर उगाच ओरडत नाही.

वडाळा_स्लो: यादी वेगळ्या मशिनवर हलवता येईल, मान्य. पण मग ८० च्या नावाने खडे फोडू नका. नुसतं ४४३ करूनही तो हल्ला थांबत नाही, एक्स्टेंडेड प्रोटेक्शन, म्हणजे लॉगिन त्याच एन्क्रिप्टेड कनेक्शनला बांधणारं सेटिंग, लावावं लागतं.

ऐरोली_रॅक: तुम्ही दोघे ८० वर भांडताय, खरी डोकेदुखी आरपीसीची, म्हणजे विंडोज मशिनं सीएकडे सर्टिफिकेट मागतात त्या मार्गाची, आहे. १३५ वर विचारायचं आणि पुढे ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही पोर्ट. फायरवॉलवाला सोळा हजार पोर्ट उघडेल का? विंडोजच्या डीकॉमसीएनएफजी टूलमध्ये सर्टसर्व्ह रिक्वेस्टला (सीएच्या या सेवेला) एक ठरलेला पोर्ट द्या, सर्व्हिस रीस्टार्ट करा, सुटलात.

पॅकेट_पाटील: आणि दोन वर्षांनी सर्व्हर बदलला की नवीन माणूस ते सेटिंग करायला विसरणार. आरपीसी समजणारं फायरवॉल असेल तर ही खटपट कशाला?

ऐरोली_रॅक: फायरवॉल आरपीसी समजतं हो, पण ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असलं की त्यालाही पुढचा पोर्ट दिसत नाही. सेटिंग बिल्ड डॉक्युमेंटमध्ये लिहा, विसरायचा प्रश्न नाही.

नवी_भरती: २०२९ पासून सर्टिफिकेट ४७ दिवसांचीच होणार ना? मग अ‍ॅक्मीसाठी, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप मिळवायच्या पद्धतीसाठी, ८० लागणारच.

वडाळा_स्लो: तो नियम सार्वजनिक सीएंसाठी. आपल्या अंतर्गत सीएला तो लागू नाही. शिवाय अ‍ॅक्मी डीएनएसवरूनही चालतं, तिथे ८० चा संबंधच नाही. पाटीलसाहेब, वेब एनरोलमेंट काढून टाकतो, यादी दुसऱ्या मशिनवर नेतो. पण त्या मशिनचा ८० मी बंद करणार नाही.