पार्किन्सन्स: घरी काळजी घेणाऱ्यांसाठी भरवशाची ऑनलाइन माहिती कुठे मिळेल?

शरयू_सांगली
बाबा ७६ वर्षांचे, पार्किन्सन्स (कंपवात) आहे. त्यासाठी सिंडोपा प्लस ही गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे. त्यांचं सगळं आई बघते. तिला इंग्रजी जमत नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ बघते. यूट्यूबवर शोधलं की ‘मुळापासून बरा करा’ असलेच व्हिडिओ वर येतात. चालताना पाय जागच्या जागी थिजणं, गोळ्या आणि जेवणाच्या वेळा, रात्री कूस बदलणं, एवढ्याबद्दल नीट माहिती मराठीत कुठे आहे?

कोथरूड_शुभंकर
सुरुवात पुण्याच्या ‘पार्किन्सन्स मित्रमंडळा’पासून करा. वेबसाइट मराठीत आहे आणि यूट्यूबवर तज्ज्ञांची व्याख्यानं आहेत. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शोधताना ‘पार्किन्सन्स शुभंकर’ असं टाकलंत की जाहिराती बऱ्याच गळतात. नुसतं ‘कंपवात उपाय’ टाकलंत तर मुख्यतः औषधविक्रेतेच भेटतील. दुसरी संस्था मुंबईची, ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’. व्यायाम, बोलणं, गिळणं यांवर त्यांचं काम चांगलं आहे. तुमच्या भागातल्या किंवा ऑनलाइन गटाची चौकशी आधी फोनवर करा. आईंना नुसती लिंक पाठवू नका. कामाचे तीन-चार व्हिडिओ डाउनलोड करून त्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

फार्मा_मिरज
इंग्रजीत अमेरिकेच्या ‘पार्किन्सन्स फाउंडेशन’ची वेबसाइट उत्तम आहे, शुभंकरांसाठी वेगळा विभाग आहे. क्रोममध्ये मराठी भाषांतर होतं, पण औषधांची नावं आणि आकडे मूळ पानावरच बघा. इथे हमखास घोटाळा होतो. तिकडे ‘२५-१००’ लिहितात, म्हणजे कार्बिडोपा २५ आणि लेव्होडोपा १०० मिग्रॅ. लेव्होडोपा हे मुख्य औषध, कार्बिडोपा त्याची मळमळ कमी ठेवणारं जोडीचं औषध. आपल्याकडे दोन्हींची बेरीज नावात असते: सिंडोपा प्लस १२५ म्हणजे तेच २५ अधिक १००. सिंडोपा ११० मध्ये लेव्होडोपा तेवढाच, १००, पण कार्बिडोपा फक्त १०. म्हणून दुकानदाराने ‘प्लस नाही, ११० घ्या’ म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मळमळ वाढू शकते.

त्याच वेबसाइटवर टाळायच्या औषधांची यादी आहे. ती छापून फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. उलटीसाठी सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) आणि प्रोक्लोरपेराझीन (स्टेमेटिल) मेंदूतल्या डोपामिनचं (हालचालींसाठी लागणारं रसायन, जे पार्किन्सन्समध्ये आधीच कमी असतं) काम अडवतात. पार्किन्सन्सचा रुग्ण त्याने एकदम ताठरतो. दवाखान्यात पोचताच ही यादी दाखवायची.

शरयू_सांगली
खूप आभार. एका व्हिडिओत डाळ-दूध बंद करा असं सांगितलंय. खरं आहे का?

फार्मा_मिरज
बंद अजिबात करू नका, आधीच वजन घटत असतं. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे एकत्र घेतल्यावर गोळी कमी पडते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्या. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालतं, दूध नको. गोळीचा परिणाम मधेच ओसरत असेल तर डाळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणात जास्त ठेवता येतात, पण हे डॉक्टरांशी बोलून. गोळी अचानक बंद करणं मात्र धोक्याचं.

ऑनलाइन विकली जाणारी खाजकुइलीची पावडरही परस्पर देऊ नका. तिच्यात लेव्होडोपाच असतो. सिंडोपावर ती चढवली की डोस वाढतो आणि हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होऊ शकतात.

फिजिओ_घरपोच
पाय थिजल्यावर हात धरून ओढायचं नाही. वरचं अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. आधी थांबू द्या. वजन डावी-उजवीकडे झुलवायला सांगा, मग ‘एक, दोन, तीन’ म्हणून पहिलं पाऊल मोठं. दाराच्या उंबऱ्याशी आणि बाथरूमच्या वाटेवर फरशीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा, पावला-पावलाच्या अंतरावर. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो.

कूस बदलायला सॅटिनचा (गुळगुळीत कापडाचा) तुकडा खांद्यापासून कमरेखालपर्यंतच अंथरा. पायाखाली साधीच चादर, कारण टाचांना पकड लागते. गुडघे दुमडायचे, मान त्या बाजूला वळवायची, पलीकडचा हात अंगावरून आणायचा आणि गुडघे झुकवायचे. यासाठी इंग्रजीत ‘पार्किन्सन्स बेड मोबिलिटी’ असं शोधा. भाषा कळली नाही तरी बघून जमतं.

कोथरूड_शुभंकर
दोन गोष्टी राहिल्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा, नंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आणि आईंची झोप उडाली असेल, जीव मेटाकुटीला आला असेल तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) फोन लावून द्या. चोवीस तास चालू असतं, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.